वीज, गॅस, फोन : जोडणीची दया आणि उजेडाचा हक्क

दलित वस्तीतील घरखर्चाचा विचार करताना आपण धान्य, औषधपाणी, मुलांचे शिक्षण, लग्नकार्य आणि सावकाराचे व्याज एवढ्याच बाबी सहसा मोजतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या यादीत आणखी तीन खर्च कायमचे येऊन बसले आहेत. विजेचे बिल, गॅसची टाकी आणि मोबाईलचा रिचार्ज. हे खर्च चैनीचे आहेत असे म्हणणारे लोक अजून भेटतात. त्यांना एवढेच सांगायचे की, मुलीचा अभ्यास दिव्यावर होतो, आईची छाती चुलीच्या धुराने भरते आणि शिष्यवृत्तीपासून रेशनपर्यंतचा प्रत्येक सरकारी व्यवहार आज फोनवर येणाऱ्या सांकेतिक आकड्यावर अडून असतो. शिवाय हे तिन्ही खर्च रोखीचे आहेत. किराणा दुकानदार दोन आठवडे उधार देतो. टाकी आणि रिचार्ज मात्र पैसे मोजल्याशिवाय मिळत नाहीत, आणि विजेचे बिल थकले की वायर कापली जाते. मजुरी ज्या दिवशी मिळते त्या दिवशी खर्च येत नाही आणि खर्च ज्या दिवशी येतो त्या दिवशी मजुरी मिळालेली नसते. हातावर पोट असलेल्या घराची खरी अडचण ही आहे.

या खर्चासाठी सरकार मदत करत नाही असे नाही. योजना पुष्कळ आहेत आणि त्यांची नावेही मोठी आहेत. पण त्या योजना एकत्र ठेवून पाहिल्या की त्यांच्यातील एक समान गोष्ट डोळ्यांत भरते. मदत जोडणीला मिळते, वापराला फारशी मिळत नाही. मीटर फुकट बसतो, पण बिल आपले. शेगडी फुकट मिळते, पण दुसरी टाकी आपली. मनोरा सरकारी निधीतून उभा राहतो, पण रिचार्ज आपला. जोडणी एकदाच द्यायची असते, तिचा आकडा अहवालात लिहिता येतो. उजेड मात्र महिन्याच्या महिन्याला लागतो. या दोहोंतील अंतरात दलित आणि एकूणच गरीब कुटुंबे कशी अडकतात आणि त्यातून बाहेर पडण्यासाठी कायद्याने काय दिले आहे, हे येथे मांडायचे आहे.

१. विजेचा प्रश्न आणि बाबासाहेब

वीज हा आपल्या चळवळीचा विषय नव्हे, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ च्या जुलैमध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या वीजविषयक धोरण समितीचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी तिच्या बैठकीत त्यांनी केलेले भाषण कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावे. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा : शेतीवर पडलेला माणसांचा भार औद्योगिकीकरणाशिवाय हलणार नाही, स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण होणार नाही, आणि औद्योगिकीकरणाशिवाय या देशातील माणसाची दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटका नाही. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते याच काळात. १९४८ चा वीजपुरवठा कायदा आणि त्यातून निर्माण झालेली राज्य वीज मंडळे यांचा पाया या विचारमंथनात आहे.

बाबासाहेबांनी वीज ही नफ्याची वस्तू म्हणून पाहिली नाही. दारिद्र्य हटवण्याचे साधन म्हणून पाहिली. त्यांच्या मांडणीत ‘मुबलक’ या शब्दाइतकेच ‘स्वस्त’ या शब्दाला महत्त्व होते. पुढच्या काळात विजेचे खांब वाढले, वीजनिर्मिती वाढली. पण ‘स्वस्त’ हा शब्द कोणासाठी, हा प्रश्न मागे पडला.

२. गाव उजळले, वस्ती राहिली

स्वतंत्र भारताने गावाचे विद्युतीकरण कसे मोजले, हा इतिहास बोलका आहे. १९९७ पर्यंत नियम असा होता की, गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकृत समजावे. म्हणजे पाटलाच्या मळ्यातील एक मोटार चालू झाली की कागदावर सारे गाव उजळले. १९९७ साली व्याख्या बदलली आणि वीज गावाच्या राहत्या भागात असली पाहिजे असे ठरले. पण राहता भाग म्हणजे गावठाण. गावकुसाबाहेरची वस्ती त्यात धरायची की नाही हे पुन्हा गावावरच राहिले.

२००४ साली व्याख्या तिसऱ्यांदा बदलली. रोहित्र आणि तारा गावाच्या राहत्या भागात असाव्यात, तसेच दलित वस्ती असेल तेथेही असाव्यात. शाळा, पंचायत, दवाखाना यांना वीज असावी. आणि किमान १० टक्के घरांत वीज पोहोचलेली असावी, तरच गाव विद्युतीकृत मानावे असे ठरले. ‘दलित वस्ती’ हे शब्द या व्याख्येत यायला स्वातंत्र्यानंतर ५७ वर्षे लागली. ते शब्द घालावे लागले याचाच अर्थ असा की, त्याआधी तार गावात येत होती आणि वस्तीच्या अलीकडे थांबत होती. आपल्याकडे ज्याला डीपी म्हणतात ते रोहित्र कोठे बसवायचे, हा निर्णय तांत्रिक दिसतो. पण गावात तो कोणाच्या सांगण्यावरून होतो हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. नव्या व्याख्येतही उणीव राहिलीच. १० टक्के घरे उजळली की गाव पूर्ण, मग उरलेली ९० टक्के घरे अंधारात असली तरी चालते. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ६७ टक्के घरांत दिव्यासाठी वीज होती; अनुसूचित जातींच्या घरांत हेच प्रमाण सुमारे ५९ टक्के होते. हा फरक गरिबीचा आहे, तसाच तो वस्तीच्या जागेचाही आहे.

घराला जोडणी देण्याच्या योजना याच क्रमाने आल्या. १९८८-८९ मध्ये ‘कुटीर ज्योती’ आली. गरीब घरात एक दिवा, एवढीच तिची कल्पना होती. २००५ साली राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेत दारिद्र्यरेषेखालील घरांना मोफत जोडणी मिळू लागली. २५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘सौभाग्य’ योजना जाहीर झाली. तीत २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतील गरीब घरांना जोडणी मोफत होती आणि बाकीच्यांनी ५०० रुपये बिलातून दहा हप्त्यांत भरायचे होते. ही योजना मार्च २०२२ अखेर बंद झाली. महाराष्ट्रात महावितरणने २०२१ साली १४ एप्रिल ते ६ डिसेंबर या मुदतीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवनप्रकाश योजना आणली. अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांनी ५०० रुपये अनामत पाच हप्त्यांत भरावी आणि त्यांना प्राधान्याने जोडणी मिळावी, अशी ती योजना होती.

या योजनांनी लाखो घरे उजळली हे नाकारण्याचे कारण नाही. पण सगळ्यांत मदत घराच्या उंबऱ्यापर्यंत आहे. मीटर बसल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून ते कुटुंब आणि वीज कंपनी यांचा व्यवहार इतर कोणत्याही गिऱ्हाइकासारखाच सुरू होतो.

३. घर कोणाच्या नावावर?

जोडणीच्या वाटेवरचा पहिला अडथळा पैशाचा नसतो, कागदाचा असतो. अर्जासोबत घराचा उतारा, कर भरल्याची पावती, घरमालकाची संमती असे काहीतरी मागितले जाते. दलितांची कित्येक घरे गायरानावर आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे जे लढे झाले, त्यांची मागणीच पडीक आणि गायरान जमिनी भूमिहीनांना द्याव्यात अशी होती. त्या जमिनी कसणाऱ्यांच्या आणि तेथे राहणाऱ्यांच्या नावावर आजही सर्वत्र झालेल्या नाहीत. शहरात झोपडपट्टी आणि भाड्याची खोली, खेड्यात गायरान आणि वीटभट्टी, असा हा कागद नसलेल्या माणसांचा मुलूख आहे.

येथे कायदा नीट वाचला पाहिजे. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेच्या मालकाने ‘किंवा’ ताबेदाराने अर्ज केला की वीज देणे हे परवानाधारक कंपनीचे कर्तव्य आहे. ‘ताबेदार’ हा शब्द फार मोलाचा आहे. मालकी सिद्ध करणे ही त्यात अट नाही. तेथे राहत असल्याचा पुरावा पुरेसा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात ‘दिलीप विरुद्ध सतीश’ या खटल्यात स्पष्ट केले की वीज ही मूलभूत सोय आहे आणि घरमालक ना-हरकत देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येणार नाही. त्याआधी १९९५ च्या डिसेंबरमध्ये ‘चमेलीसिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य’ या खटल्याचा निकाल झाला होता. तो खटलाच मुळी अनुसूचित जातींच्या घरांसाठी सरकारने जमीन संपादित केली म्हणून जमीनमालकांनी लढवलेला होता. न्यायालयाने संपादन कायम केले आणि निवाऱ्याच्या हक्काचा अर्थ सांगताना पाणी, स्वच्छता, रस्ते यांच्याबरोबर विजेचाही उल्लेख केला. म्हणजे दलितांच्या घरकुलाच्या वादातूनच वीज ही निवाऱ्याच्या हक्काचा भाग ठरली.

जोडणी किती दिवसांत द्यावी हेही नियमात आहे. वीज ग्राहक हक्क नियम २०२० साली आले आणि २०२४ साली त्यांत दुरुस्ती झाली. दुरुस्तीनुसार महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका हद्दीत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस ही कमाल मुदत आहे. डोंगराळ भागात ती ३० दिवस आहे. खांब किंवा तार वाढवावी लागत असेल तर मुदत वेगळी. अर्ज दिल्याची पोच हाती नसेल तर मुदत मोजता येत नाही. ‘ठेवून जा, बघू’ असे म्हणणाऱ्या कारकुनाकडून पोच घेणे, हे म्हणूनच वस्तीतील कार्यकर्त्याचे पहिले काम आहे.

४. बिल वाचायला शिकू या

विजेच्या बिलात युनिटचा दर ही एकच रक्कम नसते. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सर्वांवर वीज शुल्क अशी ती उतरंड असते. घरगुती वापरावर महाराष्ट्रात वीज शुल्क १६ टक्के आहे. स्थिर आकार दिवा लावला नाही तरी द्यावा लागतो. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर चार-सहा महिने गेलेल्या कुटुंबाच्या बंद घरावरही तो चढत राहतो. परत आल्यावर हाती पडते ती थकबाकी.

गरिबांसाठी महावितरणच्या दरपत्रकात दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांचा वेगळा वर्ग आहे. त्याचा दर खरोखर कमी असतो. पण वर्षाचा वापर ३६० युनिटांच्या आत, म्हणजे महिन्याला सरासरी ३० युनिट, अशी त्याला अट आहे. ही मर्यादा म्हणजे नेमके काय, ते हिशोब करून पाहू. ९ वॅटचे दोन दिवे रोज सहा तास लावले तर महिन्याला सव्वातीन युनिट होतात. ७५ वॅटचा एक पंखा रोज बारा तास चालवला तर महिन्याला २७ युनिट होतात. बेरीज ३० च्या वर गेली. म्हणजे दोन दिवे आणि एक पंखा, एवढ्यावर महिन्याची सरासरी मर्यादा संपते. हिवाळ्यात पंखा बंद ठेवून वर्षाचा हिशोब जमेलही. पण घरात दूरचित्रवाणी आली, किंवा म्हाताऱ्या आईच्या खोलीत दुसरा पंखा आला, की कुटुंब ‘गरीब’ या वर्गातून बाहेर पडते. मजुरी तीच, पत्रे तेच, मे महिन्यातले ऊनही तेच. मराठवाड्यात आणि विदर्भात पत्र्याच्या छपराखाली उन्हाळा काढलेल्या माणसाला ही मर्यादा कोणी ठरवली असेल असा प्रश्न पडल्याशिवाय राहणार नाही. तिच्यामागे कुटीर ज्योतीतल्या एका दिव्याचीच कल्पना आहे. गरिबाला उजेड पुरे, वाऱ्याची त्याला काय गरज, असे ती म्हणते.

बिल थकले तर काय होते? यातही कायद्याचे संरक्षण आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असते. कलम ५६ प्रमाणे वीज तोडण्यापूर्वी किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिलीच पाहिजे. बिल चुकीचे वाटत असेल तर निषेध नोंदवून मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीप्रमाणे येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. जी रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षे उलटली आणि जी दरम्यान बिलांत सलग दाखवलेली नाही, ती याच कलमाखाली वसूल करता येत नाही. अनामत रकमेवर कलम ४७ प्रमाणे व्याज मिळते. तक्रारीसाठी कलम ४२ प्रमाणे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. महाराष्ट्रात लोकपालाची कार्यालये मुंबई आणि नागपूर येथे आहेत. मंचापुढे वकील लावण्याची सक्ती नाही. वस्तीतला बारावी झालेला मुलगा ही तक्रार लिहू शकतो.

आकडा टाकण्याचा विषय टाळून चालणार नाही. वस्तीवर धाड पडते, वायर जप्त होते आणि ‘हे लोक वीज चोरतात’ असे गावभर होते. कलम १३५ खाली हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चळवळीने आकड्याचे समर्थन करू नये. त्यात माणसे शॉक लागून मरतात आणि गुन्हा अंगावर येतो तो वेगळाच. पण ज्या वस्तीत अर्ज करूनही मीटर मिळालेला नाही तेथे आकडा हा चोरीइतकाच नाकारलेल्या जोडणीचाही पुरावा असतो. धाडीच्या वेळी प्रलंबित अर्जांच्या पोचपावत्या समोर ठेवता आल्या तर चर्चेची दिशा बदलते.

यात आता आगाऊ पैसे भरून चालणाऱ्या मीटरची भर पडली आहे. केंद्राच्या २०२१ च्या वितरण सुधारणा योजनेत असे मीटर बसवण्यावर भर होता. महाराष्ट्रात विरोध झाला आणि २०२४ साली सामान्य घरगुती ग्राहकांना आगाऊ भरण्याची सक्ती होणार नाही असे राज्य सरकारने जाहीर केले. हा विषय पुन्हा येईल, तेव्हा एक मुद्दा ध्यानात ठेवावा. आगाऊ मीटरमध्ये शिल्लक संपली की वीज आपोआप जाते. १५ दिवसांची नोटीस, निषेधाने भरणे, हप्ते मागणे ही सारी संरक्षणे व्यवहारात पातळ होतात. गरिबाला मिळणारी थोडी उसंतही त्यात जाते.

५. पहिली टाकी आणि दुसरी टाकी

गॅसची गोष्ट याहून वेगळी नाही. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातील स्त्रीच्या नावावर अनामतीशिवाय जोडणी, ही तिची चांगली बाजू. सुरुवातीला शेगडी आणि पहिली टाकी कर्जाऊ मिळे आणि ते कर्ज पुढच्या टाक्यांच्या अनुदानातून वळते होई. म्हणजे अनुदानाची ज्यांना सर्वाधिक गरज त्यांनाच ते पहिल्या काही टाक्यांवर मिळत नसे. महालेखापालांच्या २०१९ च्या अहवालात उज्ज्वला ग्राहकांचा सरासरी वापर वर्षाला चार टाक्यांहून कमी असल्याचे दिसले. घरातील सर्व स्वयंपाक गॅसवर करणाऱ्या कुटुंबाला एवढ्या टाक्या पुरत नाहीत. उरलेला स्वयंपाक चुलीवर, सरपणावर आणि गोवऱ्यांवरच होत राहिला. सरपण गोळा करायला जायचे ते दुसऱ्याच्या बांधावर किंवा रानात, आणि तेथे दलित स्त्रीला काय ऐकून घ्यावे लागते ते सांगण्याची गरज नाही.

ऑगस्ट २०२१ मधील दुसऱ्या टप्प्यात शेगडी आणि पहिली टाकी मोफत झाली आणि स्थलांतरित कुटुंबांना पत्त्यासाठी स्वतःचे घोषणापत्र पुरेसे ठरले. ही सुधारणा योग्यच होती. मे २०२२ पासून टाकीमागे २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये अनुदान मिळू लागले. २०२५-२६ साठी ते वर्षाला नऊ टाक्यांपर्यंत ठरले. तरीही पद्धत तीच राहिली. आधी पूर्ण रक्कम मोजा, मग अनुदान बँकेत येईल. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत टाकीचा दर ८५२ रुपये ५० पैसे होता. उज्ज्वलाच्या बाईला ती हिशोबाने ५५२ रुपये ५० पैशांना पडत होती, पण टाकी दारात आली त्या दिवशी तिच्या हातात साडेआठशे रुपये लागत होते. ज्या घरात आठवड्याची मजुरी आठवड्यात संपते त्या घराला नंतर येणारे ३०० रुपये आणि आज नसलेले ८५० रुपये यांतील फरक अर्थशास्त्राच्या पुस्तकावाचून कळतो. ज्यांना एकदम एवढे पैसे जमत नाहीत त्यांच्यासाठी पाच किलोची लहान टाकी हा पर्याय योजनेत आहे. वितरक तो आपण होऊन सांगतोच असे नाही, म्हणून तो मागून घ्यावा.

६. फोन ही आता सरकारी खिडकी आहे

तिसरा खर्च फोनचा. येथे मदत जवळजवळ नाहीच, आणि सक्ती मात्र सर्वात जास्त आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली, बाबासाहेब कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली. आज महाराष्ट्रात तिचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो आणि त्याची खातरजमा मोबाईलवर येणाऱ्या आकड्याने होते. नंबर बंद पडला की आधार जोडणी, बँकेचा संदेश आणि शिष्यवृत्ती सारेच अडकते. जो नंबर ९० दिवस वापरात नाही आणि ज्यात २० रुपयेही शिल्लक नाहीत तो बंद करून दुसऱ्याला देण्याची मुभा कंपन्यांना आहे. वसतिगृहातील विद्यार्थ्याचा नंबर गेला म्हणजे त्याची सरकारदरबारची ओळखच हरवली.

२०१८ सालापर्यंत अनेक गरीब माणसे एकदा नंबर घेत आणि येणाऱ्या फोनवर वर्षानुवर्षे भागवत. त्या वर्षाच्या अखेरीस मोठ्या खाजगी कंपन्यांनी नंबर चालू ठेवण्यासाठीच दर २८ दिवसांचा किमान रिचार्ज सुरू केला. २८ दिवसांच्या ‘महिन्या’ने वर्षाचे तेरा महिने होतात. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर त्यांचे अमर्याद बोलण्याचे सर्वात स्वस्त २८ दिवसांचे पॅक १८९ ते १९९ रुपयांवर गेले. १९९ रुपयांप्रमाणे एका फोनचे वर्षाला २५८७ रुपये होतात. दोन फोनांचे ५१७४. त्यात १८ टक्के वस्तू व सेवा कर आला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ च्या जानेवारीत प्रत्येक कंपनीने पूर्ण ३० दिवसांचे किमान एक पॅक ठेवावे असे ठरवले आणि डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेट नको असणाऱ्यांसाठी केवळ बोलणे व संदेश यांची वेगळी पॅक देणे बंधनकारक केले. त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार ही पॅक आपण होऊन दाखवतोच असे नाही. ती नावाने मागावी लागतात.

कोरोनाच्या काळात शाळा फोनवर गेल्या तेव्हा या खर्चाचा खरा अर्थ उघड झाला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात जून २०२० मध्ये एका दलित विद्यार्थिनीने आत्महत्या केली. घरचा टीव्ही नादुरुस्त, स्मार्टफोन नाही, म्हणून ती वर्गाला मुकत होती. याच केरळच्या उच्च न्यायालयाने २०१९ साली इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला होता. न्यायालयाने हक्क मान्य केला, पण तो घरापर्यंत नेणारी व्यवस्था नव्हती. केरळ सरकारने जून २०२३ मध्ये स्वतःचे सरकारी जाळे सुरू केले आणि गरीब कुटुंबांना मोफत इंटरनेट देण्याचे उद्दिष्ट ठेवले. सुरुवात लहान होती, पण दिशा योग्य होती.

यासाठी देशात पैसा नाही असेही नाही. २००२ सालापासून दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातील ५ टक्के हिस्सा सार्वत्रिक सेवा निधीत जमा होत आला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. हा निधी मनोरे आणि तारा यांवर खर्च होतो. गरीब घराच्या बिलात त्यातला रुपया येत नाही.

असे करता येते का, हे पाहण्यासाठी अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तेथे अशाच निधीतून १९८५ पासून ‘लाइफलाइन’ नावाची सवलत आहे. गरीब कुटुंबाच्या फोनच्या किंवा इंटरनेटच्या बिलात ती महिन्याला ९.२५ डॉलर कमी करते. मूळनिवासींच्या भूभागावर सवलत अधिक आहे. घर उबदार किंवा थंड ठेवण्याच्या खर्चासाठी १९८१ पासून वेगळी संघराज्य योजना आहे आणि वीज तोडण्याची वेळ आलेल्या कुटुंबाला ती तातडीची मदतही देते. ही व्यवस्था आदर्श नव्हे. करोनाकाळात सुरू झालेली इंटरनेटची ३० डॉलरची आणखी एक सवलत २ कोटींहून अधिक कुटुंबांनी घेतली आणि पैसे संपले म्हणून १ जून २०२४ रोजी ती बंद पडली. कायमच्या निधीवर उभी असलेली लाइफलाइन मात्र टिकली. यातून घेण्यासारखा धडा सरळ आहे. एकरकमी तरतुदीवर चाललेली सवलत तरतुदीबरोबर संपते. निधी आणि कायदा यांवर उभी असलेली सवलत टिकण्याचा संभव अधिक असतो.

७. मागणी काय असावी?

आपल्याच देशात वापराला मदत देण्याची उदाहरणे आहेत. तमिळनाडूत २०१६ पासून दर दोन महिन्यांना १०० युनिट मोफत आहेत. दिल्लीत २०१९ च्या ऑगस्टपासून महिन्याला २०० युनिटांपर्यंत बिल शून्य झाले. कर्नाटकाने २०२३ साली २०० युनिटांपर्यंतची गृहज्योती योजना आणली. पंजाबात तर सर्वांसाठी ३०० युनिट मोफत होण्याआधी अनुसूचित जातींच्या लहान भाराच्या घरांना २०० युनिट मोफत होते. महाराष्ट्राने २०२४ साली अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्यांची मदत जाहीर केली. म्हणजे वापराला मदत देता येत नाही हे खरे नाही. तशी इच्छा लागते. वीज कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे सवलत द्यायची तर राज्य सरकारने तिचे पैसे वीज कंपनीला आगाऊ दिले पाहिजेत. म्हणून घोषणेपेक्षा अंदाजपत्रकातील तरतूद पाहावी.

छपरावरच्या सौरविजेचा सध्या गाजावाजा आहे. केंद्राची २०२४ ची योजना चांगली आहे, पण तिला छप्पर लागते आणि ते आपले असावे लागते. पत्र्याचे घर, गायरानाची जागा, भाड्याची खोली यांना ती लागू पडणे अवघड. वस्तीची समाईक सौर व्यवस्था आणि तिचा वाटा प्रत्येक बिलात, अशी मागणी अधिक योग्य ठरेल.

मग मागायचे काय? दारिद्र्यरेषेखालील दराची ३६० युनिटांची मर्यादा दुप्पट करावी, आणि ती ओलांडली तर सवलत पूर्ण न जाता जादा युनिटांपुरतीच जावी. स्थलांतरित मजुरांच्या बंद घरावरील स्थिर आकार माफ व्हावा. गॅसचे अनुदान टाकी घेतानाच वजा व्हावे. डिजिटल भारत निधीतून गरीब विद्यार्थ्यांच्या आणि रोजगार हमी मजुरांच्या रिचार्जला हिस्सा मिळावा. निदान ज्या नंबरावर सरकार स्वतः शिष्यवृत्ती आणि मजुरी पाठवते तो नंबर सरकारने बंद पडू देऊ नये. सरकार जी सक्ती करते तिचा खर्च सरकारने उचलावा, हे तत्त्व साधे आहे.

मागणी मंजूर होईपर्यंत वस्तीत करण्यासारखे काम पुष्कळ आहे. प्रत्येक वस्तीत एक वही असावी. कोणत्या घरात मीटर नाही, अर्ज केव्हा दिला, पोच आहे का, कोणाचे बिल थकले, कोणाची टाकी किती महिन्यांपूर्वी भरली, कोणाचा नंबर शिष्यवृत्तीला जोडलेला आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी रविवारचे दोन तास दिले तर ही वही एका महिन्यात तयार होते. एकट्या माणसाची तक्रार कारकुनाच्या टेबलावर पडून राहते. चाळीस घरांची नोंद मंचापुढे गेली तर तिला उत्तर द्यावेच लागते.

सवलत आणि हक्क यांतील फरक आपल्या चळवळीला नवा नाही. महाडच्या तळ्यावर आपण पाणी मागायला गेलो नव्हतो. पाणी पिण्याचा हक्क बजावायला गेलो होतो. वीज, इंधन आणि फोन यांच्या बाबतीत आपण अजून अर्जदाराच्या भूमिकेत आहोत. जोडणी मिळाली की आभार मानतो आणि बिल थकले की मान खाली घालतो. ज्या कायद्यात ‘ताबेदार’ हा शब्द आहे, ज्या व्याख्येत ‘दलित वस्ती’ हे शब्द घालणे शासनाला भाग पडले आणि ज्या निकालाने वीज निवाऱ्याच्या हक्कात धरली, ते सारे हाती असताना ही भूमिका बदलली पाहिजे. खांबाचा आणि मीटरचा हिशोब सरकारने पुष्कळ दिला. आता महिन्याच्या महिन्याला पेटणाऱ्या दिव्याचा हिशोब वस्तीने मागितला पाहिजे.